व्हीटी100, व्हीटी102 की व्हीटी220: जुनं टर्मिनल घेण्याआधी काय बघायचं

इंदुरात कबाड्याकडे नाहीतर एखाद्या बंद ऑफिसच्या लिलावात डेक (डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन) कंपनीचं टर्मिनल, म्हणजे कॉम्प्युटरला जोडायचा जुना स्क्रीन-कीबोर्ड, दिसलं की लोक सरळ व्हीटी100 समजून उचलतात, पण आधी मॉडेलची पाटी वाचा, पुढे त्यात काय बसवता येईल ते त्यावरच ठरतं.

1978 च्या व्हीटी100 मध्ये जास्तीचे बोर्ड बसतात, आणि सगळ्यात आधी शोधायचा तो अ‍ॅडव्हान्स्ड व्हिडिओ ऑप्शन, म्हणजे एव्हीओ. तो नसेल तर 132 कॉलममध्ये 24 च्या जागी फक्त 14 ओळी मिळतात, बोल्ड आणि ब्लिंक पण नाही. डबा न उघडता तपासता येतं: सेट-अप दाबा, 4 ने लोकल (कॉम्प्युटरशिवाय) करा, 9 ने 132 कॉलम करा, परत सेट-अप दाबून बाहेर या आणि लाइन फीड दाबत राहा, चौदाव्या ओळीवरच कर्सर अडून स्क्रीन वर सरकायला लागली की समजा बोर्ड नाही. डबा उघडायचाच असेल तर पिक्चर ट्यूबचं काम येणाऱ्या माणसाला सोबत घ्या, आत हाय व्होल्टेज असतं आणि बंद केल्यावरही राहतं. आणि प्लग लावायच्या आधी मागचा 115/230 चा स्विच नक्की बघा, बाहेरून आलेला पीस असेल तर तो 115 वर असू शकतो!

व्हीटी102 मध्ये एव्हीओ आणि प्रिंटर पोर्ट आधीपासूनच आहे, पण सगळं एकाच बोर्डवर, म्हणून व्हीटी100 चे बोर्ड त्यात बसत नाहीत. नुसतं वापरायचं असेल तर माझ्या मते हेच घ्या, अपग्रेडची हौस असेल तर 100.

व्हीटी220 1983 चं, आकाराने लहान, टेबलावर छान मावतं. कीबोर्ड वेगळा आहे, 100 चा त्याला चालत नाही, त्यामुळे कीबोर्डशिवाय कुठलंच टर्मिनल घेऊ नका, नंतर तोच मिळत नाही. व्हीटी220 च्या कीबोर्डवर एस्केपची वेगळी की नाही, व्हीटी100 मोडमध्ये एफ11 ते काम करते, व्हीआय (एस्केप सारखी लागणारा टेक्स्ट एडिटर) वापरणाऱ्यांनी हे आधीच ठरवून ठेवा.

स्क्रीनच्या कडेला पांढरे डाग दिसले तर बहुतेक ट्यूब आणि काचेमधला गोंद खराब झालेला असतो, तो काढता येतो पण कष्टाचं काम आहे, किंमत पाडून मागा.

लिनक्सला जोडायला यूएसबी-सिरियल आणि नल मोडेम केबल (पाठवायच्या-घ्यायच्या तारा उलट जोडलेली) पुरते, 9600 बॉड स्पीडवर सुरू करा आणि एक्सऑन-एक्सऑफ (टर्मिनल भरलं की समोरच्याला थांबवायचा सिग्नल) चालू ठेवा, नाहीतर वेगात अक्षरं गळतात.