दांडेलीला जाताय? मग काळी नदीवर पाणमांजर कसं बघायचं ते वाचून जा

दांडेलीला जाणारी आपली बहुतेक मंडळी राफ्टिंग करतात, एक जीप सफारी मारतात आणि वाघ दिसला नाही म्हणून कुरकुरत बेळगावमार्गे परत येतात. अहो काळी व्याघ्र प्रकल्पात वाघ दिसणं तसंही अवघडच आहे, ते सह्याद्रीतलं दाट जंगल आहे, ताडोबासारखं मोकळं नाही. पण नदीत पाणमांजरं आहेत आणि ती दिवसाउजेडी दिसतात, फक्त जीपमधून नाही, त्यासाठी काठावर एका जागी गप्प बसावं लागतं आणि नेमकं तेच कुणाला जमत नाही.

वेळेचं आधी बघू. पावसाळ्यात नको, नदी गढूळ आणि फुगलेली असते. फेब्रुवारी ते मे मध्ये खडक आणि रेतीचे पट्टे उघडे पडतात, उकडतं जाम, पण दिसायला हेच दिवस बरे. उजाडल्यापासून आठ-साडेआठपर्यंत किंवा दुपारी चारनंतर. गणेशगुडी, मौळंगी या बाजूला राफ्ट आणि कयाक सुरू झाले की आरडाओरड्यात काही दिसायचं नाही, त्यामुळे त्यांच्या आधी पोचा. रूम घेताना नदीकाठची घ्या, आणि स्विमिंग पूल आहे का विचारण्यापेक्षा रात्री डीजे लावतात का ते विचारा.

जागा कशी ठरवायची? प्राणी शोधू नका, आधी खुणा शोधा. पाणमांजरं एकाच ठराविक खडकावर किंवा रेतीवर परत परत येऊन शी करतात, ती त्यांची हद्दीची पाटीच समजा. काठीने जरा उकलून बघितलं (हात लावू नका) तर माशांचे खवले आणि काटे दिसतात, वास असा की विचारू नका. त्यात खेकड्याच्या कवचाचेच तुकडे जास्त असतील तर ते छोट्या नखांचं पाणमांजर असण्याची शक्यता जास्त, ते ओढ्यानाल्यांत हाताने चाचपत खेकडे काढतं. मोठ्या नदीत दिसतं ते बहुतेक मऊ केसांचं, सात ते अकरा किलोचं, मासे खाणारं, कुटुंबकबिल्यासकट फिरणारं. ओल्या रेतीत पाच बोटांचा पडदेदार ठसा आणि शेजारी शेपटी घासल्याची रेघ मिळाली की झालं, तिथून लांब, शक्यतो समोरच्या काठावर, झाडाच्या आडोशाला बसायचं. वारा त्यांच्याकडून तुमच्याकडे येत असला पाहिजे, कारण वास लागला की टोळी गायब.

पाण्यात डोकं दिसलं म्हणून लगेच ओरडू नका, नुसती लांब मान वर असेल तर तो तिरंदाज पक्षी, आणि ओंडका हलत नसूनही पुढे सरकतोय असं वाटलं तर मगर. पाणमांजराचं डोकं चपटं, मागे पाण्यावर रेघ उठते आणि बुडी मारली की बुडबुडे येतात. बऱ्याचदा दिसायच्या आधी ऐकू येतात, बारीक शिट्टीसारखे आवाज, तेव्हा कान उघडे ठेवा आणि फोन सायलेंटवर.

मगरीचं मात्र गमतीवारी घेऊ नका. दांडेली गावाजवळच्या पात्रात मगरी आहेत आणि तिथे माणसं दगावलीयेत. पाण्याच्या कडेला बसायचं नाही, पाय सोडून तर अजिबात नाही. दुसरं म्हणजे सुपा धरणातून वीजनिर्मितीसाठी पाणी सोडतात, कोरड्या खडकांवरून आत गेलात आणि पातळी वाढली तर अडकाल, म्हणून आत जायच्या आधी तिथल्या राफ्टिंगवाल्या पोरांना पाण्याचं विचारा. त्यांना सगळं माहीत असतं, पाणमांजराचं सुद्धा, कन्नडमध्ये नीरु नायी म्हणा, हिंदी-मराठीही बऱ्याच जणांना कळतं. आणि प्रकल्पाच्या आतल्या काठावर परवानगीशिवाय पायी जायचं नाही, हा गुन्हा आहे.

बसल्या बसल्या बाकीचं बोनस. धनेश हमखास दिसेल, इथे त्याच्या चार जाती आहेत, वडा-उंबराला फळं लागली असतील तर त्या झाडावरून नजर हलवू नका. शेकरू, खंड्या, पलीकडे पाण्यावर आलेला गवा. ८ बाय ४२ ची दुर्बीण पुरते, महागडी लेन्स नसली तरी काही बिघडत नाही.

फोटो मिळाला तर टाका खुशाल, पण जागा टाकू नका, बिळाची तर मुळीच नाही. हिवाळ्यात बिळात पिल्लं असतात आणि कातडीसाठी शिकार, पाळण्यासाठी पिल्लांची चोरी हे दोन्ही धंदे चालतात, म्हणून तर २०१९ मध्ये पाणमांजरांच्या या दोन्ही जातींच्या (मऊ केसांचं आणि छोट्या नखांचं) आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. त्या क्यूट पाळीव पाणमांजराच्या रील्सना लाईक करणं पण जरा कमी करा राव.

सकाळी काहीच दिसलं नाही तर जागा बदलत फिरू नका. टोळी आपल्या पट्ट्यात वरखाली करत असते, शी ताजी आणि ओली असेल तर संध्याकाळी तिथेच बसा, सुकून पांढरी पडून भुगा झाली असेल तर मात्र दुसरा खडक बघा.