उभ्या राहणाऱ्या जुन्या गाडीचे वायरिंग : नव्याने शिकणाऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनसाठी

रोज धावणाऱ्या गाडीतला विजेचा बिघाड आणि महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या जुन्या गाडीतला बिघाड यांची जात वेगळी असते, हे या कामात शिरणाऱ्याने आधी समजून घ्यावे. रोजच्या गाडीत भाग झिजतात : कार्बन ब्रश संपतात, बल्ब उडतात, अल्टरनेटरचे (इंजिनच्या फिरण्यातून वीज तयार करणाऱ्या यंत्राचे) बेअरिंग वाजू लागते. उभ्या गाडीत भाग जवळपास तसेच राहतात, पण त्यांना जोडणारे सांधे बिघडतात. दमट हवेने तांब्या-पितळेवर ऑक्साइडचा थर चढतो, फ्यूजच्या पकडी काळ्या पडतात, स्विचच्या आतले संपर्क वापराअभावी घासून स्वच्छ होत नाहीत आणि बॅटरी आपोआप उतरत राहते. त्यामुळे अशा गाडीत नवा भाग बसवून जितक्या तक्रारी मिटतात, त्याहून जास्त तक्रारी योग्य सांधा शोधून साफ केल्याने मिटतात, असे माझे आजवरच्या कामावरून बनलेले मत आहे.

सुरुवात मात्र बॅटरीपासूनच करावी, कारण ती भरवशाची ठरेपर्यंत पुढच्या कोणत्याही मापाला अर्थ नसतो. पूर्ण चार्ज झालेली बारा व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी काही तास स्वस्थ ठेवल्यावर साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे ती जेमतेम अर्धी भरलेली आहे आणि १२ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी आहे, असे समजावे. उतरलेल्या अवस्थेत बॅटरी पडून राहिली की तिच्या प्लेटवर लेड सल्फेटचे स्फटिक कठीण होत जातात आणि मग चार्जर लावूनही तिची मूळ क्षमता परत येत नाही. अशी बॅटरी चार्जिंगनंतर मीटरवर अगदी निरोगी दिसते, म्हणून तिला भाराखाली तपासावे लागते. इंजिन सुरू होणार नाही अशी व्यवस्था करून काही सेकंद सेल्फ मारावा. सौम्य हवामानात त्या वेळी बॅटरीच्या टोकांवरचे व्होल्टेज ९.६ च्या खाली घसरत असेल, तर आधी बॅटरीचा प्रश्न सोडवावा. टर्मिनल काढताना बॉडीला जोडलेले, म्हणजे अर्थचे टोक नेहमी आधी काढावे आणि शेवटी जोडावे, म्हणजे पाना चुकून बॉडीला टेकला तरी शॉर्ट होत नाही. हे टोक निगेटिव्हच असेल असे गृहीत धरू नये. १९६० च्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थ असे.

यापुढे नवशिक्यांची सर्वाधिक फसगत मल्टिमीटर करतो. डिजिटल मीटर स्वतः जवळजवळ करंट खेचतच नाही, त्यामुळे एखाद्या वायरच्या सगळ्या तारा तुटून केवळ एक तार शिल्लक असली तरी तिच्या टोकाशी पूर्ण बारा व्होल्ट दिसतात आणि शिकाऊ माणूस ‘करंट येतो आहे’ असे सांगून मोकळा होतो. त्याच टोकाला २१ वॉटचा बल्ब लावला, तर त्याला पावणेदोन अँपिअर हवे असतात आणि तो मंद पेटून खरी स्थिती सांगतो. म्हणून जुन्या, साध्या सर्किटसाठी अशा बल्बचा टेस्ट लॅम्प हाताशी ठेवावाच. मात्र इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट किंवा एअरबॅगच्या वायरींना तो कधीही लावू नये.

मोठा करंट वाहणाऱ्या वायरींसाठी याहून उपयुक्त पद्धत म्हणजे भार चालू असताना सांध्याच्या दोन्ही बाजूंमधला व्होल्टेजचा फरक मोजणे. सेल्फ दीडशे अँपिअर ओढत असताना वाटेत ०.०१ ओहमचा अडथळा असला, तरी दीड व्होल्ट तिथेच खर्च होतो. इतका लहान रोध साध्या मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर पकडता येत नाही, कारण मीटरच्या वायरींचाच रोध त्याच्या कितीतरी पट असतो. व्होल्टेजचा फरक मात्र लगेच दिसतो. माझ्याकडे आलेल्या एका गाडीत सेल्फ मारला की केवळ ‘टक’ असा आवाज येई. मालकाने बॅटरी आणि सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडून देणारा चुंबकीय स्विच) दोन्ही आधीच बदलून घेतले होते. एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरा इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर ठेवून सेल्फ मारायला सांगितल्यावर मीटरवर दोन व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, जिथे ०.२ च्या आसपासच अपेक्षित असतो. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी विणलेली अर्थ पट्टी बोल्टखाली गंजली होती. पॉझिटिव्ह खांबापासून सेल्फपर्यंतच्या वाटेवर हाच फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असावा.

अर्थचा दोष दिव्यांमध्ये अधिक चमत्कारिक रूप घेतो. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणू लागला, किंवा इंडिकेटर लावल्यावर टेल लॅम्प त्याच्या तालावर लुकलुकू लागला, की पुष्कळ जण स्विच उघडतात. वास्तविक त्या दिव्याच्या होल्डरचा अर्थ तुटलेला असतो आणि करंट शेजारच्या फिलामेंटमधून उलट वाटेने परतीचा मार्ग शोधत असतो. होल्डरपासून बॅटरीच्या अर्थच्या टोकापर्यंत तात्पुरती जाड वायर जोडून पाहावी. लक्षण नाहीसे झाले, तर निदान पक्के झाले. नव्याने रंगवलेल्या गाडीत हा दोष हमखास शोधावा, कारण रंगारी अर्थचे स्क्रूसुद्धा तितक्याच निष्ठेने रंगवून ठेवतो. सांधा उघड्या धातूपर्यंत घासून, घट्ट आवळून, मगच त्यावर ग्रीसचा हात फिरवावा.

‘गाडी उभी असताना बॅटरी उतरते’ ही तक्रार मात्र संयमाने हाताळावी लागते. गाडी बंद करून, दरवाजाचा स्विच दाबून धरण्याची सोय करून, मीटर दहा अँपिअरच्या रेंजवर अर्थच्या टोकाशी सिरीजमध्ये, म्हणजे ते टोक सोडवून खांब आणि टोक यांच्या मधे, जोडावा. तो जोडलेला असताना सेल्फ किंवा हेडलाइट चालवला तर मीटरचा फ्यूज जातो. गाडीत कंट्रोल युनिट असतील, तर ती शांत होईपर्यंत अर्धा तास थांबावे. केवळ घड्याळ असलेल्या जुन्या गाडीत काही मिलीअँपिअर दिसावेत. पन्नास मिलीअँपिअर हा आकडा रोजच्या गाडीत चालून जातो, पण त्या हिशेबाने दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात आणि चाळीस अँपिअर-तासांची बॅटरी अडीच आठवड्यांत अर्ध्यावर येते. डिकीतला पाच वॉटचा दिवा झाकण लावल्यावरही पेटत राहिला, तर हीच बॅटरी चार दिवसांतच रिकामी होते.

गळती दिसली की एकेक फ्यूज काढत आकडा कधी पडतो ते पाहावे, असे सगळीकडे शिकवले जाते. जुन्या गाड्यांत ते अपुरे पडते, कारण इग्निशन स्विच, अल्टरनेटर आणि पुष्कळदा हेडलाइटसुद्धा फ्यूजबॉक्समधून जातच नाहीत. सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच राहिला, तर बॅटरीचे अर्थचे टोक सोडवून अल्टरनेटरची जाड वायर वेगळी करावी, तिचे टोक इन्सुलेशन टेपने झाकावे आणि पुन्हा मोजावे. आकडा पडला तर आतला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गळतो आहे. मात्र माझा पहिला संशय नेहमी नंतर बसवलेल्या वस्तूंवर, म्हणजे म्युझिक सिस्टिम, अलार्म आणि जादा हॉर्नवर असतो. त्यांची वायर कुठून घेतली आहे, हे बसवणाऱ्यालाही आठवत नसते.

चार्जिंग तपासताना इंजिन मध्यम वेगात ठेवून बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. ते मिळाले नाहीत, तर अल्टरनेटर उतरवण्यापूर्वी डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा चावी फिरवल्यावर पेटतो का, ते पाहावे. अनेक जुन्या अल्टरनेटरना चुंबकत्व निर्माण करणारा सुरुवातीचा करंट याच बल्बमधून मिळतो. बल्ब गेला की धडधाकट अल्टरनेटरही चार्ज देत नाही. डायनमो (अल्टरनेटरच्या आधीचे, चार्जिंगचे जुने यंत्र) असलेली गाडी फार काळ उभी राहिली, तर त्याचे अवशिष्ट चुंबकत्व नाहीसे होऊ शकते. त्याला पुन्हा पोलराइज करण्याची, म्हणजे ते चुंबकत्व योग्य दिशेने परत आणण्याची, रीत डायनमोच्या प्रकारानुसार बदलते, म्हणून ती त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यावी.

पेट्रोल आणि तापमान असे दोन्ही काटे एकाच वेळी चुकीचे दाखवू लागले, तर टाकीतल्या सेंडरला (पातळी मोजून काट्याला कळवणाऱ्या भागाला) हात न लावता दोघांना सामाईक असलेला व्होल्टेज स्टॅबिलायझर आणि त्याची अर्थची जोडणी पाहावी. सेल्फ जोमाने फिरतो पण प्लगला ठिणगी नाही, अशा पॉइंटच्या (ठिणगीसाठी करंट तोडणाऱ्या-जोडणाऱ्या संपर्कांच्या) गाडीत पॉइंटवर चढलेला ऑक्साइड बारीक पॉलिश पेपरने काढून गॅप मोजावा. फ्यूज वारंवार उडत असेल, तर जास्त अँपिअरचा घालू नये; तो वायरीच्या जाडीनुसार ठरवलेला असतो आणि मोठा घातल्यास वायरच फ्यूजचे काम करते. अशा वेळी सीटखालचे आणि डॅशबोर्डमागचे हार्नेस (वायरींचे जुडगे) उंदरांनी कुरतडले आहे का, ते हाताने चाचपून पाहावे.

दुरुस्तीनंतर गाडी पुन्हा उभीच राहणार असते, त्यामुळे मालकाला काय सांगायचे हेही कामाचाच भाग आहे. आठवड्यातून दहा मिनिटे इंजिन जागच्या जागी चालवल्याने सेल्फने खर्च केलेला चार्ज जेमतेम भरून निघतो. त्यापेक्षा आपोआप नियंत्रण करणारा लहान मेंटेनन्स चार्जर लावून ठेवणे चांगले. तशी सोय नसेल, तर बॅटरीच्या अर्थच्या बाजूला आयसोलेटर स्विच बसवावा, पण गळती शोधून बंद केल्यावरच. हा स्विच इंजिन चालू असताना कधीही बंद करू नये, हे मालकाला आवर्जून सांगावे, कारण त्या क्षणी अल्टरनेटरमधून उसळणारे व्होल्टेज त्याचे डायोड आणि रेग्युलेटर जाळू शकते.