पद्मिनीच्या दारांचं रबर आणि डोअर पॅड बसवताना

दाराच्या पोटात पाणी जाणारच, हे आधी मान्य करा. काच खाली-वर होते तिथे फट राहते. बाहेरची बीडिंग, म्हणजे त्या फटीच्या कडेची पट्टी, काचेवरचं बरंचसं पाणी अडवते, उरलेलं काचेवरून आत ओघळतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. दाराची रचनाच तशी आहे. दाराभोवतीचं रबर दार आणि बॉडी यांच्यातल्या फटीतून येणारं पाणी थांबवतं. दाराच्या पोटातलं पाणी गाडीत येऊ नये म्हणून पॅडमागे, म्हणजे दाराच्या आतल्या बाजूच्या रेक्झिन लावलेल्या बोर्डामागे, प्लास्टिकचा कागद असतो. या दोन कामांची गल्लत झाली की रबर दोनदा बदलूनही पायाखालचा गालिचा ओलाच राहतो.

कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट म्हणून निघालेली आणि १९७४ पासून पद्मिनी नावाने ओळखली गेलेली ही गाडी आज हातात येते, तेव्हा तिच्या दारांवर तीन-चार जणांचे हात फिरलेले असतात. त्यामुळे आता लावलेलं रबर मूळचंच असेल असं धरून चालू नका. काढण्यापूर्वी चारही दारांचे जवळून फोटो घ्या: रबर दारावर चिकटवलंय की चौकटीच्या कडेवर दाबून बसवलंय, जोड कुठे आहे, बिजागरीच्या बाजूला ते कुठून वळतं. जुना तुकडा फेकू नका, दुकानात तोच दाखवायचा आहे.

रबरला हात लावण्याआधी दार नीट बसवून घ्या. रबर पूर्ण काढून, बिजागऱ्या आणि स्ट्रायकर (चौकटीवरचा, दाराचं लॉक ज्यात अडकतं तो भाग) सैल करून दार जुळवा. भोवतालची फट सगळीकडे सारखी, साधारण ४ ते ५ मिमी हवी आणि दाराचा पत्रा शेजारच्या पत्र्याच्या पातळीत हवा. रबर नसताना दार एका बोटाने लागलं पाहिजे. वाकडं दार जाड रबराने सरळ होत नाही, उलट बिजागरीवर ताण येऊन ते महिन्याभरात आणखी लोंबतं.

आता रबर किती जाड घ्यायचं ते ठरवा. घट्ट कणकेच्या बोराएवढ्या गोळ्या करून प्लास्टिकच्या पातळ पिशवीत गुंडाळा आणि रबर जिथे बसतं त्या रेषेवर दर वीतभर अंतरावर चिकटवा. दार पूर्ण लॉक होईपर्यंत लावा, उघडा आणि चपट्या झालेल्या गोळ्यांची जाडी मोजा. रबर या जाडीच्या सुमारे दीडपट हवं. माप ८ मिमी आलं तर १२ मिमीचं घ्या, म्हणजे दार लावल्यावर ते एक तृतीयांशाने दबेल. एका कोपऱ्यात ६ आणि दुसऱ्यात १२ असं माप आलं तर रबर शोधत बसू नका, दार पुन्हा जुळवा.

मुंबईत सीएसटी रोडला किंवा पुण्यात नाना पेठेत विचाराल तर ‘फियाटचं दाराचं रबर’ म्हणून दोन-तीन प्रकार समोर येतील. आतून स्पंजासारखं पोकळ, नखाने दाबलं की दबणारं आणि सोडल्यावर लगेच फुगणारं तेच घ्या. भरीव रबर स्वस्त मिळतं आणि टिकाऊ दिसतं, पण दार जोरात आपटल्याशिवाय लागत नाही. ईपीडीएम (एक प्रकारचं कृत्रिम रबर) मिळालं तर उत्तम, उन्हात ते लवकर तडकत नाही. लांबी सुतळीने मोजा. एका दाराला साधारण साडेतीन मीटर लागतं, त्यावर हातभर जास्त घ्या.

जुना गम काढायला हेअर ड्रायरची ऊब, प्लास्टिकची पट्टी आणि व्हाइट पेट्रोलचा बोळा पुरतो. ताज्या रंगाजवळ थिनर आणू नका, रंग सुरकुततो. रबराखाली गंज असतोच, कारण पाणी तिथे अडकून राहतं. तारेच्या ब्रशने खरवडून, इपॉक्सी प्रायमर मारून, रंग देऊनच पुढे जा. नवा रंग निदान आठवडाभर वाळू द्या.

गम म्हणून फेव्हिकॉल एसआर ९९८ सारखा कॉन्टॅक्ट गम वापरा. पत्रा आणि रबर दोन्हींवर पातळ थर द्या, १० ते १५ मिनिटं थांबा, बोटाला चिकटेनासा झाला की दाबा. ओला असताना दाबला तर रबर सरकत राहतं. सुरुवात तळाच्या मध्यावरून करा, म्हणजे जोड खालीच येईल. वर जोड आला की पागोळीचं पाणी नेमकं तिथून शिरतं. हातभर गम लावा, तेवढंच चिकटवा, मग पुढे सरका.

सगळ्यात जास्त चूक इथेच होते: रबर ताणलं जातं. ताणलेलं रबर पातळ होतं, काही आठवड्यांत आखडतं आणि कोपऱ्यातून सुटून आत ओढलं जातं. सरळ भागात सैल ठेवा, कोपऱ्यात उलट थोडं पुढे ढकलत दाबा. वळणावर पोकळ रबर चेपून घडी पडत असेल तर आत ५-६ सेंटिमीटर लांबीची मऊ फोमची नळी सरकवा. शेवटी ३-४ मिमी जास्त ठेवून काटकोनात कापा, दोन टोकं एकमेकांवर दाबून सुपरग्लूच्या एका थेंबाने जोडा. मग दार लावून २४ तास तसंच ठेवा.

दुसऱ्या दिवशी दार जड लागेल. हे ठीक आहे, रबर दोन-तीन आठवड्यांत बसतं. अगदीच लागत नसेल तर स्ट्रायकर १-२ मिमी बाहेर घ्या. दार लॉक काढताच उसळून उघडत असेल तर बिजागरीकडचं रबर जास्त जाड आहे किंवा रेषेच्या बाहेर बसलंय, तेवढा भाग काढून पुन्हा लावा. दाब तपासायला वहीच्या कागदाची पट्टी दारात धरून ओढा. ती सगळीकडे सारख्या कष्टाने निघाली पाहिजे.

पॅड बसवण्याआधी काचेची फेल्टची चॅनल आणि काचेच्या फटीच्या आतली-बाहेरची अशा दोन्ही बीडिंग बदलून घ्या, कारण नंतर परत सगळं उघडावं लागतं. चॅनलला तेल किंवा ग्रीस लावू नका. धूळ धरते आणि काचेवर उभे ओरखडे येतात. कोरडा सिलिकॉन स्प्रे पुरतो. बीडिंगची एखादी क्लिप पुढे आली असेल तरीही ओरखडा पडतो, म्हणून काच हळूच एकदा पूर्ण खाली-वर करून पाहा. तळाची भोकं तारेने मोकळी करा, तांब्याभर पाणी आत ओता आणि ते लगेच बाहेर येतंय का बघा.

त्यानंतर पॅडमागचा तो प्लास्टिकचा कागद. १०० ते २०० मायक्रॉनचं पॉलिथिन दाराच्या आतल्या पत्र्यावर ब्युटाइल टेपने (कायम चिकट राहणाऱ्या रबरी पट्टीने) चिकटवा. खालची कड पत्र्याच्या बाहेर न सोडता भोकातून दाराच्या पोटात वळवा. असं केलं तरच ओघळ आत परततो. बाहेर सोडली तर सगळं पाणी थेट पॅडच्या तळाशी येतं, आणि पॅड खालून फुगलेले दिसतात ते याच कारणाने.

पॅडसाठी ३ मिमी हार्डबोर्ड घ्या, जुना पॅड साचा म्हणून वापरा. कापल्यावर कडा आणि क्लिपची भोकं यांना वॉर्निशचे दोन हात द्या. कुशनवाले हे सांगितल्याशिवाय करत नाहीत, आणि बोर्ड पाणी शोषतो तो कडेनेच. रेक्झिन पंधरा मिनिटं उन्हात मऊ करून ओढा, मागे २० ते २५ मिमी दुमडा, कोपऱ्यात इंग्रजी व्हीच्या आकाराचे काप द्या. क्लिपा १२-१५ सेंटिमीटर अंतरावर ठेवा आणि प्रत्येकीखाली रबरी वॉशर किंवा सीलंटचा ठिपका द्या. काचेची मूठ काढताना आधी मागून बघा: काहींत आरपार पिन असते, काहींत घोड्याच्या नालेसारखी क्लिप. बसवताना काचा पूर्ण बंद करून समोरासमोरच्या मुठी एकाच कोनात लावा.

गालिचा आणि त्याखालचं फेल्ट अजून घालू नका. एकाने टॉर्च घेऊन आत बसावं, दुसऱ्याने जोर न लावता पाइपने खालून वर पाणी सोडावं, प्रत्येक भागावर पाच मिनिटं. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे पसरतो आणि गळती कुठली ते कळत नाही. पाणी रबरावरून आलं तर गाडी वाळू द्या, रबराला टाल्कम पावडर लावून दार बंद करा. दुसऱ्या बाजूला पावडर उमटली नाही तिथे दाब नाही. पॅडच्या तळातून आलं तर रबर तसंच राहू द्या आणि मागचा कागद पुन्हा चिकटवा.