सेफेर तोरा वाचायला बसण्याआधी ठिपके झाका

ब्राखा (आशीर्वादाच्या प्रार्थना) पाठ आहेत, हिब्रू अक्षरं लागतात, आता शब्बाथला (शनिवारच्या प्रार्थनेत) सेफेर तोरातून, म्हणजे चर्मपत्रावर हाताने लिहिलेल्या तोराच्या गुंडाळीतून, वाचायचंय? उत्तम. पण आधी माझी फजिती ऐका.

छापील पुस्तकात अक्षरांच्या खाली-वर ठिपके-रेघा असतात, म्हणजे आपले काना-मात्रा. चालीच्या खुणाही असतात. चर्मपत्रावर त्यातलं काहीच नाही, पासूक (वचन) कुठे संपतो तेही नाही. नुसती 3,04,805 अक्षरं. हे मलाही ठाऊक होतं. तरी तीन आठवडे मी ठिपकेवाल्या पानावरच घोकलं, वर मोबाईलवर रेकॉर्डिंग. घरी घडाघडा यायचं.

माझा परशा, म्हणजे त्या आठवड्याचा वाचायचा भाग, मिशपातीम. शमोथच्या (तोराच्या दुसऱ्या पुस्तकाच्या) 23व्या अध्यायात 18व्या पासूकात हेत-लामेद-बेत येतं: हेलेव, चरबी. पुढच्याच पासूकात तीच तीन अक्षरं, पण हलेव: करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नकोस. चांदीची याद, म्हणजे ओळ दाखवायची काडी, त्या शब्दाखाली धरली आणि मी खणखणीत आवाजात करडू आईच्या चरबीत शिजवलं. शेजारचे काका गरजले, "परत!" ज्या वाक्यापायी मांसात दूध चालत नाही आणि आपल्या बेने इस्रायली (मराठी ज्यू) घरांत मटणाला नारळाचं दूध लागतं, नेमका तिथे ध चा मा!

तोंड सवयीने पुढे पळालं होतं, डोळे नुसते मागून फिरत होते. रेकॉर्डिंग हेच करतं. त्यापेक्षा तिक्कून, म्हणजे सरावाचं पुस्तक, घ्या. त्यात एका बाजूला ठिपके, दुसऱ्या बाजूला गुंडाळीसारखा कोरा मजकूर. ठिपक्यांचा रकाना पहिल्या दिवसापासून पोस्टकार्डाने झाका, अडलात तरच उचला. आणि अर्थ लावा. अर्थ कळला असता तर चरबी माझ्या जिभेवर आलीच नसती. सोफेर, म्हणजे गुंडाळी लिहिणारा लेखनिकसुद्धा, पाठ असलं तरी समोरच्या प्रतीत बघून, शब्द तोंडाने म्हणून मगच लिहितो. आपण कोण लागून गेलो?

ॲपवाले मला जुनाट म्हणतील. म्हणोत. मान डोलावणाऱ्या गुरूपेक्षा खेकसणारा बरा.

घाबरू मात्र नका. चुकलात तर कुणी हाकलत नाही. शब्द परत वाचायचा, पुढे जायचं. तयारी न करता उभे राहिलात तर मात्र सगळ्यांचा खोळंबा कराल, तेवढं करू नका. सिमहाथ तोराच्या सणाला शेवटचा परशा संपतो, लगेच पहिला सुरू होतो, म्हणजे तुमचा परशाही वर्षभरात परत येतोच.

मी पुढच्या वर्षी मिशपातीमच मागून घेतला. 18वा पासूक संपला, तसे काका आधीच खाकरले.