मंगोलांचा इतिहास ऐकताना

श्राव्य पुस्तकात मागचे पान उलटून पाहण्याची सोय नसते, म्हणून मंगोल साम्राज्यासारखा अवाढव्य विषय ऐकायला घेण्यापूर्वी थोडी पूर्वतयारी करावी. विकत घेण्याआधी नमुन्याचा भाग ऐकावा. निवेदकाला नाटकीपणाचा सोस असेल, तर पुढचे अनेक तास सोसवत नाहीत. १२०६ मध्ये चंगीझखान ही पदवी घेणारा तेमुजिन, त्याचे पुत्र जोची, चगताई, ओगदेई व तोलुई आणि तोलुईचे पुत्र मोंगके, कुबलाई व हुलागू अशी वंशावळ कागदावर लिहून समोर ठेवावी. कारण १२२७ मध्ये चंगीझखान वारल्यावर कथानक मुला-नातवंडांत विखुरते आणि १२५८ मध्ये बगदाद कोणी जिंकले, हे नुसत्या कानांनी लक्षात राहत नाही.

मध्य आशियातील ख्वारझम साम्राज्यावरील मोहिमेचे प्रकरण मात्र नकाशा उघडूनच ऐकावे. ओत्रार येथे चंगीझखानाच्या व्यापारी तांड्याची कत्तल झाली, १२२० मध्ये बुखारा व समरकंद पडले आणि १२२१ मध्ये ख्वारझमचा सुलतान जलालुद्दीन याने मंगोलांपासून निसटण्यासाठी सिंधूच्या पात्रात घोडा घातला. ही ठिकाणे बोटाने जोडत गेल्यास सैन्याची झेप उमगते. टोळ्यांच्या आपसांतील भांडणांची सुरुवातीची प्रकरणे खुशाल सव्वापट वेगाने ऐकावीत, पण येथे तो मोह टाळावा.

मृतांचे आकडे ऐकताना ते कोणाचे, हे निवेदनात सांगितले आहे का, याकडे लक्ष द्यावे. मर्व शहरात १३ लाख माणसे मारली गेल्याची तेराव्या शतकातील फारसी इतिहासकार जुवैनी याची नोंद आजच्या अनेक अभ्यासकांना अतिशयोक्त वाटते. तळटिपा बहुधा वाचून दाखवल्या जात नाहीत, त्यामुळे सोबत पीडीएफ दिली असल्यास ती आधीच उतरवून घ्यावी.