या चुका टाळा : रक्तवाहिन्यांच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर पायाच्या खोल शिरेतली रक्ताची गुठळी शोधताना

सगळ्यात जास्त फसवते ती सूज. पायाच्या बायपासनंतर (अडलेल्या धमनीला वळसा देऊन रक्त पुढे नेण्याच्या शस्त्रक्रियेनंतर) पाय सुजतोच: रक्तपुरवठा एकदम वाढलेला असतो, जांघेतल्या लसीकावाहिन्या दुखावलेल्या असतात, बरेचदा त्याच पायातली शीर काढून वापरलेली असते. मग ‘ऑपरेशनची सूज आहे, उतरेल’ म्हणता म्हणता गुठळी निसटते. उलट, पोटरीत गुठळी असूनही पाय अगदी सडपातळ दिसू शकतो. पाऊल वर वाकवून दुखतं का, या जुन्या चाचणीवर तर काहीच ठरवू नका. रोज टेपने पोटरीचा घेर मोजा, गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून 10 सेंमी खाली, दोन्ही पाय. फरक वाढत चालला की सोनोग्राफी.

डी-डायमर (गुठळीचा माग काढणारी रक्ततपासणी) मागवू नका. शस्त्रक्रियेनंतर तो वाढलेलाच असतो.

सोनोग्राफीत मुख्य चूक म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारा रंग (कलर डॉपलर) भरलेला दिसला की शीर मोकळी समजणे. रंग सांडून अर्धवट गुठळी झाकली जाते. रंग बंद करा, प्रोब आडवा धरा आणि जांघेपासून घोट्यापर्यंत दर 1-2 सेंमीला दाबा. निरोगी शिरेच्या भिंती एकमेकींना टेकतात, शेजारची धमनी गोलच राहते. मांडीच्या खालच्या भागात शीर खोल जाते, नुसत्या प्रोबने मिटत नाही. दुसरा हात मांडीखाली घालून वर रेटा. तिथे शिरा दोन असू शकतात, एक मिटली म्हणून पुढे जाऊ नका. गुठळी दिसली की पुन्हा पुन्हा दाबणं थांबवा. ताज्या जोडावर आणि ग्राफ्टवरही (बायपाससाठी जोडलेल्या रक्तवाहिनीवर किंवा नळीवर) जोर नको, तिथे प्रवाह बघा. जांघेतला प्रवाह श्वासाबरोबर कमी-जास्त न होता एकसारखा वाहत असेल, तर ओटीपोटात अडथळा असण्याची शंका घ्या. तो गुठळीचा असेल किंवा बाहेरून दाबणाऱ्या रक्ताच्या गोळ्याचा.

रिपोर्टमधलं ‘सुपरफिशियल फेमोरल व्हेन’ हे नाव घातक आहे. ‘सुपरफिशियल’ म्हणजे उथळ, पण ती शीर खोलच असते.

हेपॅरिन (गुठळी होऊ न देणारं औषध) सुरू केल्यावर 5 ते 10 दिवसांत प्लेटलेट निम्म्यावर आल्या, तर हेपॅरिनमुळेच गुठळ्या होत असाव्यात. डोस वाढवणं ही तेव्हा मोठी चूक. लाइन (शिरेत घातलेली नळी) धुण्याच्या हेपॅरिनसकट सगळं बंद करून दुसरं औषध लागतं.

ड्रेसिंगमुळे पोटरी दिसली नसेल, तर ‘नॉर्मल’ लिहू नका. ‘पोटरी पाहता आली नाही’ असं लिहा आणि आठवड्याभरात पुन्हा तपासा.