जनरिक टी चा नवा ऑब्जेक्ट कसा बनवायचा (सी शार्प)

रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्यासाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर करत होतो, केळीची पावती वेगळी, कापसाची वेगळी पण काम तेच, फाईलमधली एकेक ओळ वाचायची, नवी पावती बनवायची, रकाने भरायचे. म्हटलं एकच जनरिक मेथड लिहू, म्हणजे कुठल्याही टाईपला चालणारी, टाईपच्या जागी नुसतं टी लिहायचं. आत सरळ न्यू टी() टाकलं आणि कंपायलरने सीएस०३०४ एरर दिली, त्यात माझी अख्खी दुपार गेली भो, म्हणून नीट सांगतो.

टी च्या जागी उद्या काय येईल ते कंपायलरला माहीत नसतं. इंटरफेस येईल, अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लास येईल, स्ट्रिंग येईल जिला रिकामा कन्स्ट्रक्टरच (काही न देता नवा ऑब्जेक्ट उभा करणारा कोड) नाही, मग तो बनवणार काय? त्याला आधी शब्द द्यावा लागतो की येणाऱ्या टाईपला पब्लिक आणि बिनपॅरामीटरचा कन्स्ट्रक्टर असेलच. तो शब्द असा द्यायचा:

टी वाच<टी>(स्ट्रिंग ओळ) व्हेअर टी : पावती, न्यू()

बेस क्लास पहिला, मग इंटरफेस, न्यू() त्यांच्या नंतर. व्हेअर मध्ये स्ट्रक्ट (टी हा व्हॅल्यू टाईपच हवा) ही अट लावली असेल तर न्यू() लिहूच नका, ते त्यात आलंच, दोन्ही लिहिलं तर एरर येते.

आता खरी गोम. केळीपावतीला तुम्ही वजन आणि दर घेणारा कन्स्ट्रक्टर लिहिला की सी शार्पने फुकट दिलेला रिकामा कन्स्ट्रक्टर गायब होतो, आणि मग जिथून वाच बोलावताय तिथे सीएस०३१० येते. बरेच जण तेव्हा एक रिकामा कन्स्ट्रक्टर चिकटवून मोकळे होतात. मला हे अजिबात पटत नाही, कारण मग वजन नाही दर नाही अशी पावतीही बनते आणि शेतकऱ्याच्या हातात शून्य रुपयांचा कागद जाऊ शकतो. त्यापेक्षा न्यू() काढा आणि मेथडला फंक<टी> द्या, म्हणजे टी बनवून देणारं छोटं फंक्शन, बोलावताना () => न्यू केळीपावती(वजन, दर) एवढं लिहायचं, झालं. न्यू टी() मागे अ‍ॅक्टिव्हेटरचं क्रिएटइन्स्टन्स (प्रोग्राम चालू असताना टाईपवरून ऑब्जेक्ट बनवणारी मेथड) वापरतं, त्यामुळे लाखभर ओळी असतील तर न्यू टी() आणि फंक दोन्हीचा वेळ एकदा मोजून बघा.

जावावाल्यांनो, तुमच्याकडे रनटाईमला टी पुसला जातो म्हणून न्यू टी() चालतच नाही, तिथे २०१४ च्या जावा ८ पासून फंकसारखंच सप्लायर<टी> आहे, रिकामा कन्स्ट्रक्टर असेल तर केळीपावती::न्यू पाठवा, नसेल तर () -> न्यू केळीपावती(वजन, दर).